पाण्याखालच्या बागेला किती उजेड हवा?

ओढ्यातून आणलेली हायड्रिला प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत लावली की पहिला आठवडा ती छान दिसते. दुसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडतात, कांडं लांबत लांबत पृष्ठभागाकडे धावू लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात तळाशी तपकिरी चिखल तेवढा उरतो. मग वर्गातलं कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, खोलीत एवढा उजेड आहे, डोक्यावर ट्यूबलाइट आहे, तरी ही का मरते? ओढ्यात तर तिला कोणी खतपाणीही घालत नव्हतं."

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात आपल्या डोळ्यांपासून करावी लागते. रात्री ट्यूबलाइटखाली टेबलावर साधारण दीड-दोनशे लक्स इतका प्रकाश पडतो. पावसाळी ढगाळ दुपारी अंगणात तो दहा हजारांच्या घरात असतो आणि रखरखीत उन्हात एक लाखाच्या आसपास. म्हणजे आपल्या 'लख्ख' खोलीपेक्षा ऊन पाचशेपट प्रखर! आपल्याला मात्र ते फार तर चार-पाच पट वाटतं. कारण डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, आतल्या पडद्याची संवेदनशीलताही बदलते, आणि फरक आपल्या जाणिवेत दाबला जातो. वनस्पतीकडे अशी सोय नाही. पानावर जितके प्रकाशकण पडतील तितकंच तिचं उत्पन्न. ओढ्यातली हायड्रिला रोज उन्हात बसून जेवत होती; आपण तिला उपाशी ठेवलं.

मग टाकी खिडकीत ठेवावी का? मीही तेच केलं होतं. पण ऊन एका बाजूनं येतं, झाडं काचेकडे कलंडतात, आणि त्या बाजूच्या काचेवर शेवाळाचा हिरवा पडदा धरतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापतं ते वेगळंच. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. माशांना हा फरक जाणवतो. तेव्हा दिवा वरूनच लावायचा, हे ठरलं. पण कोणता आणि किती?

पानाला दिसणारा प्रकाश

दुकानात दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे असतात: वॅट, ल्यूमेन आणि केल्विन. यांतला एकही वनस्पतीसाठी लिहिलेला नाही.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. ट्यूबलाइटच्या काळात परदेशी पुस्तकांत 'एका गॅलनला इतके वॅट' असा नियम असे. सगळ्यांचे दिवे एकाच जातीचे असताना तो चालून गेला. जुनी ३६ वॅटची चार फुटी ट्यूब सुमारे २४५० ल्यूमेन प्रकाश देई, शिवाय तांब्याच्या चोकमध्ये आणखी वीज जाई. त्यातला निम्मा प्रकाश वरच्या बाजूला, छताकडे. आज २० वॅटची एलईडी ट्यूब सुमारे २००० ल्यूमेन देते, आणि तोही बहुतांश खाली. त्यामुळे जुना वॅटचा नियम एलईडीला लावला की हिशेब साफ चुकतो आणि टाकीवर गरजेच्या कितीतरी पट प्रकाश पडतो.

ल्यूमेन हा माणसाच्या डोळ्यानं मोजलेला प्रकाश आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पोपटी रंगाचा प्रकाश सर्वांत उजळ दिसतो. ६६० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश तेवढ्याच ऊर्जेचा असला तरी त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच उजळ वाटतो. पान मात्र तो लाल प्रकाश आनंदानं वापरतं. म्हणून वनस्पतींसाठी वेगळं माप आहे: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदाला पडतात, ते मोजायचं. फोटॉनांची संख्या प्रचंड असते, म्हणून ती मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो.

इथे पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीबद्दल थोडं बोललं पाहिजे. हरितद्रव्याच्या आलेखात निळ्या आणि लाल भागात दोन उंच शिखरं असतात आणि मधे हिरव्याची दरी. त्यावरून 'हिरवा प्रकाश वनस्पतीला निरुपयोगी' असं आपण बिनदिक्कत शिकवतो. पण तो आलेख पानातून काढून द्रावकात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. जिवंत पानात प्रकाश पेशींमधून इकडेतिकडे उसळत जातो, त्याला हरितद्रव्याची गाठ पुन्हापुन्हा पडते, आणि हिरव्याचाही मोठा भाग शोषला जातो. १८८२च्या सुमारास एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं शैवालाच्या धाग्यावर वर्णपट पाडून, प्राणवायूच्या ओढीनं येणारे जिवाणू कुठे गोळा होतात ते पाहिलं होतं. गर्दी लाल आणि निळ्यात झाली, हे खरंच. पण १९७२ मध्ये मॅक्री यांनी २२ जातींच्या पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात तपासली, तेव्हा हिरव्या प्रकाशाची कार्यक्षमता लालपेक्षा कमी, पण निम्म्याहून बरीच जास्त निघाली. तात्पर्य, 'खास वनस्पतींसाठी' म्हणून मिळणारा जांभळा दिवा घेतलाच पाहिजे असं मुळीच नाही. त्यात झाडं वाढतात, पण मासे आजारी दिसतात आणि पानं काळी. घरातला साधा पांढरा एलईडी पुरतो.

हा पांढरा एलईडी खरं तर निळा असतो. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणाऱ्या कणावर पिवळसर लेप असतो. निळ्यातला काही भाग तो लेप शोषून पिवळ्या-लालसर प्रकाशात बदलतो, आणि मिश्रण पांढरं दिसतं. निळा एलईडी तयार करण्याबद्दल २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, नाकामुरा आणि हिरोशी अमानो यांना मिळालं. गंमत अशी, की वनस्पतींनी भरलेल्या मत्स्यालयाची कला जगभर पोहोचवणारे छायाचित्रकारही अमानोच. ते ताकाशी अमानो (१९५४–२०१५). दोघे जपानी, एवढं सोडून दुसरा संबंध नाही. पण आज टाकीवर दिवा पहिल्याचा आणि टाकीत बाग दुसऱ्याची असते.

राहिला केल्विनचा आकडा. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. झाडं दोन्हींत वाढतात. हा आकडा आपल्या नजरेसाठी निवडायचा. नुसत्या ६५००च्या दिव्याखाली लाल पानं मळकट दिसतात. शेजारी एखादा ४०००चा दिवा जोडला की ती खुलतात.

आकडेमोड

लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात सुमारे ७० लक्स म्हणजे वनस्पतीच्या मापात १ मायक्रोमोल, असं ढोबळ रूपांतर चालतं. (जांभळ्या दिव्याला हे रूपांतर लागू नाही, कारण वर सांगितलं तेच.) आता झाडांच्या गरजा. आफ्रिकेतली अनुबियास किंवा जावा फर्न ही सावलीतली झाडं तळाशी ३०-४० मायक्रोमोलवर खूश असतात. तळावर गालिच्यासारखी पसरणारी बुटकी झाडं आणि लाल पानांच्या रोटाला यांना मात्र शंभर किंवा त्याहून अधिक लागतात. शौकिनांच्या भाषेत ही 'हाय लाइट' टाकी.

नेहमीची दोन फुटी टाकी घेऊ: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३६. तळाचं क्षेत्रफळ ०.६ × ०.३ = ०.१८ चौरस मीटर. तळाशी १०० मायक्रोमोल हवेत, म्हणजे ७००० लक्स. ७००० × ०.१८ = १२६० ल्यूमेन तळापर्यंत पोहोचायला हवेत. दिव्यातून निघालेला साधारण निम्मा प्रकाश वाटेत वाया जातो असं धरलं, तर दिव्यांकडून हवेत २५२० ल्यूमेन. दोन फुटी, १० वॅटची एलईडी ट्यूब सुमारे १००० ल्यूमेन देते. म्हणजे अशा तीन. एकच लावली तर तळाशी ४० मायक्रोमोल, सावलीतल्या झाडांपुरते. सातवीच्या मुलालाही जमेल असा हा हिशेब आहे, आणि 'मत्स्यालयासाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्याची किंमत विचारण्यापूर्वी तो करून पाहावा.

'निम्मा वाया' हे गृहीत कुठून आलं? पाणीच प्रकाश गिळतं असं आपल्याला वाटतं. समुद्रात दहा-वीस मीटरवर लाल रंग नाहीसा होतो हे खरं, पण फूटभर स्वच्छ पाण्यात गडद लाल प्रकाशातलाही जेमतेम सातवा-आठवा हिस्सा जातो. निळ्या-हिरव्याचं तर काहीच बिघडत नाही. खरं नुकसान दिवा टाकीच्या कडेबाहेर पाजळतो त्यानं आणि झाकणाच्या काचेनं होतं. स्वच्छ काच सुमारे आठ टक्के प्रकाश परतवते. बोअरवेलच्या जड पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर पांढरे क्षार जमले की मग मोजायलाच नको. व्हिनेगरच्या फडक्यानं ती काच पुसणं हा सर्वांत स्वस्त 'जादा दिवा' आहे.

एकदा प्रकाश पाण्यात शिरला की मात्र टाकी त्याला सहसा सोडत नाही. दहावीतलं पूर्ण आंतरिक परावर्तन इथे डोळ्यांसमोर दिसतं. पाणी आणि हवा यांचा क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश. पृष्ठभागावर उभ्या रेषेशी ६० अंशांपर्यंतच्या तिरकसपणानं आलेला किरण पाण्यात वाकून ४१ अंशांच्या आत येतो, म्हणून बाजूच्या काचेवर तो ४९ अंशांहून मोठ्या कोनानं आदळतो आणि सगळाच्या सगळा आत परततो. समोरच्या काचेतून बाजूच्या काचेकडे पाहा, ती आरशासारखी चकाकते. तिच्यामागे कोरडा हात धरा, दिसणार नाही. मुलांना हे दाखवल्यावर मी क्रांतिक कोनाची व्याख्या फळ्यावर लिहायची सोडून दिली. मुलं ती आपल्याच शब्दांत सांगतात.

माझ्या घरची टाकी

हा सगळा हिशेब मी आधी केला असता तर बरं झालं असतं. मी घरच्या दोन फुटी टाकीवर चार ट्यूब लावल्या, आणि त्या दिवसाला बारा तास चालू ठेवल्या. उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींना उन्हासारखंच द्यावं, असा साधा विचार. बारा-पंधरा दिवसांत हिरव्या धाग्यांचं जाळं झालं. काडीवर गुंडाळून काढावं, दोन दिवसांत पुन्हा तितकंच. रोटाला तर वाढतच नव्हती.

याचं कारण १९०५ मध्ये ब्लॅकमन यांनी मांडलं आहे: ज्या घटकाचा तुटवडा सर्वांत मोठा, तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवतो, बाकीचे कितीही ओता. माझ्या टाकीत तुटवडा कार्बन डायऑक्साइडचा होता. हवेच्या संपर्कात असलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि पाण्यातून त्याचं पसरणं हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद. दिवा लागल्यावर झाडं पानाभोवतीचा साठा झपाट्यानं संपवतात आणि नंतर प्रकाश आहे पण कच्चा माल नाही, अशा अवस्थेत बसून राहतात. शैवालाचे धागे बारीक, त्यांच्या गरजा तुटपुंज्या. उरलेल्या प्रकाशावर तेच ताव मारतात.

वर्गात हे दाखवायला हायड्रिलाची ताजी कापलेली फांदी पुरते. पाण्यात ती उलटी धरा, कापलेल्या टोकातून निघणारे बुडबुडे मिनिटाला किती ते मोजा. (इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये पाण्यात बुडवलेली पानं उन्हात बुडबुडे सोडतात, सावलीत नाही, हे नोंदवलं, आपण त्याच वाटेनं चाललो आहोत.) दिवा जवळ आणत जा. बुडबुडे वाढतील, आणि मग एका टप्प्यानंतर दिवा कितीही जवळ आणला तरी वाढणार नाहीत. आता पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. पुन्हा वाढ! हायड्रिला बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. सगळ्या पाणवनस्पतींना ते जमत नाही. दिवा एलईडीचाच घ्यावा. पूर्वी आपण शंभर वॅटचा बल्ब जवळ आणायचो तेव्हा पाणीही तापायचं, आणि वाढ उजेडानं की उष्णतेनं हे कळायचंच नाही.

हे समजल्यावर मी टाकीला कार्बन डायऑक्साइड द्यायचं ठरवलं. साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घातलेली बाटली, तिच्या झाकणातून नळी थेट पाण्यात. झाडं चार दिवसांत बदलली. दुपारनंतर पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसू लागले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवत होते. मग मे महिन्यात एका सकाळी सात गप्पी पालथ्या तरंगताना दिसल्या, आणि उरलेल्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होत्या.

दिवा रात्री बंद होतो, यीस्ट बंद होत नाही. रात्रभर वायू पाण्यात येत राहिला, घेणारं कोणी नव्हतं. उलट झाडं, शैवाल आणि मासे सगळेच श्वसन करून त्यात भर घालत होते आणि प्राणवायू वापरत होते. पाणी ३१ अंशांवर, म्हणजे मुळात प्राणवायू कमी. प्रखर दिवा घेताना मी फक्त दिवा घेतला असं समजत होते. प्रत्यक्षात त्याच्यामागे कार्बन डायऑक्साइड, त्याच्यामागे खत आणि या सगळ्यांच्या मागे रात्रीची काळजी, अशी रांग असते. माशांसह चालणाऱ्या टाकीत हा वायू लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत, आणि दिव्याबरोबरच तो बंद करतात. यीस्टच्या बाटलीला तोटी नसते. तेव्हा संध्याकाळी नळी पाण्याबाहेर काढणं आणि रात्री हवेचा पंप चालवणं एवढं तरी करायलाच हवं होतं.

म्हणून शाळेच्या टाकीसाठी माझं मत स्पष्ट आहे. एक ट्यूब, सावलीतली झाडं, दिवसाला सात-आठ तास, आणि वायूची भानगड नाही. शनिवार-रविवारी शाळेत कोणी नसतं हे विसरू नये. ज्यांना तीन ट्यूबची टाकी करायचीच असेल त्यांनी दोनवर सुरुवात करावी, सहा तास ठेवावी, आणि नवी पानं येऊ लागल्यावर वेळ वाढवावी. बटण दाबायचं काम टायमरकडे द्यावं. माणूस विसरतो. प्रकाश जास्त वाटला तर दिवा वर टांगावा. लांबट दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर प्रकाश चौथाई नव्हे, साधारण निम्मा होतो. व्यस्त वर्गाचा नियम बिंदूएवढ्या दिव्याचा आहे.

विजेबाबत हयगय नको. पाण्यावर २३० व्होल्ट टांगतो आहोत. झाकणाची काच हवीच. वायर सॉकेटकडे जाताना सॉकेटपेक्षा खाली झोळ घेऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून पडेल, सॉकेटात शिरणार नाही. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच बसवून घ्यावा. आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी प्लग काढावा, दरवेळी.

या उन्हाळ प्रवृत्तीच्या झाडांची नातलगं आपल्याकडेच आहेत. कास पठारावर पावसाळ्यात जांभ्याच्या उथळ डबक्यांत गेंद फुलतात. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन. याच वंशातली झाडं परदेशी शौकीन महागड्या दिव्यांखाली जपतात. वर झाडाची सावली नाही, खाली वीतभर पाणी. अशा जागी वाढणाऱ्यांना शंभर मायक्रोमोल म्हणजे ढगाळ संध्याकाळ. रोटालाच्याही काही जाती पश्चिम घाटातल्याच. तिथून मात्र एक काडीही उपटून आणायची नाही. टाकीसाठी लागणारी झाडं रोपवाटिकेत वाढवलेली मिळतात.

प्रकाश मोजायचा असेल तर टाकी भरण्यापूर्वी, कोरड्या तळावर मोजावा. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप ढोबळ उत्तर देतं. फोनचा संवेदक पडद्याच्या वरच्या कडेला असतो, तेव्हा फोन उताणा ठेवून डोकं बाजूला घ्यावं. आमच्या आठवीच्या मुलांनी तळावर चौकोन आखून जागोजागी आकडे टिपले. मधोमध साडेसात हजार, समोरच्या काचेलगत पाच हजार, मागच्या दोन कोपऱ्यांत जेमतेम तीन हजार. दिवा तोच, टाकी तीच. मधे रोटाला लावली, समोर बुटकी झाडं, आणि कोपऱ्यांत काय लावावं यावर बरीच वादावादी होऊन शेवटी तिथे क्रिप्टोकोरायनी लावल्या, कारण त्यांना तेवढ्यातच भागतं.